कात्रीबाई आणि दुपारचा उजेड

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळा बाजार कात्रीबाई म्हणतो. पाठीमागे म्हणतो. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. गणवेश, शर्ट, पँटी आणि थंडीत कोट. माप घेणं, कापड बेतणं, कापणं हे सगळं जाऊबाईंचं. शिवते मी. गल्ल्यावर बसतात आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे दीर. माझे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, मालवाहू जहाजावर असतात, घरी येतात ते पाहुण्यासारखे. तेव्हा खालचं राज्य जाऊबाईंचंच. मी त्यांना ताई म्हणते. त्या मला धाकटे म्हणतात, आणि रागावल्या की नुसतंच 'अगं ए'.

त्यांची कात्री सासूबाईंकडून आलेली. काळ्या मुठीची, भरभक्कम, टेबलावर ठेवली की ठण्ण वाजणारी. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला पहिला कायदा. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा मी त्या कात्रीनं दोरा कापला होता. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते मी अजून माहेरी सांगितलेलं नाही. दुसरा कायदा असा, की कापड सकाळीच बेतायचं. उठायचं, चहा घ्यायचा आणि दुकानाचं दार उघडायच्या आत पूर्वेच्या खिडकीशी दिवसभराचं कापून मोकळं व्हायचं. 'सकाळचा हात खरा, सकाळची नजर खरी' असं सासूबाई म्हणत. त्या गेल्यावर ताई म्हणू लागल्या. आणि तिसरा कायदा, कात्री एकदा कापडात शिरली की रेघ संपेपर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलं की कडेला बारीकशी खाच पडते. ती शिवणीत लपते, पण कापणाऱ्याच्या मनातून जात नाही म्हणे. मला काय ठाऊक? मला कधी कापायलाच दिलं नव्हतं.

तर एका थंडीत ताईंनी जाहीर केलं, कात्री बोथट झाली.

सायकलवर चाक बसवून फिरणारा धारवाला आमच्या गल्लीत येतो. त्याला बोलावलं. त्यानं धार लावली. चार दिवस बरे गेले आणि ताई पुन्हा म्हणाल्या, "मेल्यानं नीट लावली नाही." पुन्हा धार. मग पुन्हा. मग त्यांना वाटलं कापडच हल्ली वाईट येतं. मग टेबल डगमगतं म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. मी मशीनवर बसल्या बसल्या पुटपुटले, "नाचता येईना, अंगण वाकडं." ताईंचे कान सुईसारखे. "अगं ए," त्या म्हणाल्या, आणि ती सबंध सकाळ माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण मी आंधळी नव्हते. भल्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले की ताई कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून उभ्या असायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "पातेलं घासतेय." घासणी बाजूला कोरडी ठणठणीत. बोटातली अंगठी काढून ठेवली होती. कारण काय, तर सैल झाली, पडेल. आणि बोटं पाहावीत तर मुळाशी अशी फुगलेली, की ती अंगठी साबण लावूनसुद्धा चढली नसती. बरणीचं झाकण उघडायला त्या माझ्याकडे देऊ लागल्या, तेही 'तुझ्या हाताला काही काम नाही वाटतं' असं म्हणून. संध्याकाळी जेवताना घास तोंडात तसाच ठेवून बसायच्या, इतक्या थकलेल्या. मी एकदा स्पष्टच म्हटलं, "ताई, सांध्यांची एक डॉक्टरबाई आहे, तिला दाखवू."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्या म्हणाल्या. "वय झालं की सांधे कुरकुरतातच. कात्री नीट असली की हात नीट."

असं करता करता वर्ष गेलं. शेवटी धारवाल्यानंच हात टेकले. त्यानं आपल्या डोक्यावरचा एक केस उपटला, पात्यांमध्ये धरला आणि कात्री नुसती मिटली. केसाचे दोन तुकडे झाले. "बाई," तो म्हणाला, "आणखी घासली तर मूठ तेवढी राहील. हिच्यात दोष नाही." तो ताईंच्या बोटांकडे बघत होता. ताईंनी हात पदराआड घेतले आणि त्याला सांगितलं, पुन्हा या दारात येऊ नकोस. तो बिचारा सायकल ढकलत निघून गेला.

त्याच आठवड्यात त्यांच्या हातून पहिल्यांदा कापड बिघडलं. शाळेच्या गणवेशाची बाही होती. मुंढ्याचं वळण, म्हणजे खांद्याखाली जिथे बाही बसते ती गोलाई, तिथे कात्री अडली, ताईंनी दात-ओठ खाऊन ती पुढे रेटली आणि रेघ सुटून आत शिरली. कापड साधंच होतं, दुसरं घेतलं. पण आमच्या ह्यांनी ते पाहिलं. ह्यांचा स्वभाव वाईट नाही, पण तोंड उघडायची वेळ ह्यांना कधी साधलेली नाही. "वहिनी," हे म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतला कटर सकाळचा मोकळाच असतो. तासभर येऊन कापून जाईल. तुम्ही नुसतं बसून सांगा."

ताईंनी बाहीचा तुकडा घडी करून ठेवला. "भाऊजी, ज्या दिवशी या टेबलाला दुसऱ्याचा हात लागेल, त्या दिवशी मी वर जाईन. मग मला खाली बोलवायचं नाही."

त्या खोटं बोलत नाहीत. वर जाऊन बसल्या असत्या, आणि वर बसून त्या वर्षभरातच संपल्या असत्या. काम काढून घेतलं की काही माणसांत काही उरतच नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एवढी वर्षं जिच्या शेजारी बसून मी बोलणी खाल्ली, तिचा कोपरा रिकामा दिसू लागला तर मी शिवायचं कुणाच्या धाकानं?

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाई आल्या. शाळेचे सगळे गणवेश आमच्याकडे त्यांच्यामुळेच येतात. या वेळी त्यांच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं लोकरीचं कापड होतं, करड्या रंगाचं, जाड आणि तरी मऊ. त्यांचे वडील गिरणीत विणकर होते. गिरणी बंद पडली त्या दिवशी मागावरून उतरलेला शेवटचा तुकडा त्यांनी घरी आणला आणि जन्मभर कपाटात ठेवला. "पुढच्या थंडीत मी निवृत्त होणार," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मला याचा कोट घालायचाय. कापड जेमतेम आहे. चुकलं तर दुसरं कुठून आणायचं? तुमच्याशिवाय कुणाच्या हाती मी हे देणार नाही."

ताईंनी कापड घेतलं. बोटांनी धरलं नाही, दोन्ही तळव्यांवर तोललं. ते फक्त मला दिसलं. मुख्याध्यापिकाबाई गेल्या, आणि ताई दाराकडे बघतच म्हणाल्या, "धाकटे, सांध्यांची ती डॉक्टरबाई कुठल्या इस्पितळात बसते?"

डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढी, पण शांत. तिनं ताईंचं एकेक बोट दोन बाजूंनी हलकं दाबून पाहिलं, मनगटं पाहिली, मूठ मिटायला सांगितली. मूठ अर्ध्यावर थांबली. रक्त तपासायला घेतलं, हातांचे फोटो काढले. निकाल आल्यावर पुन्हा बोलावलं. ताई उत्तर पाठ करून गेल्या होत्या, की वय झालं, झीज झाली, चालायचंच.

"झीज नाही ही," डॉक्टरबाई म्हणाली. "झिजलेला सांधा वापरला की दुखतो, बसलं की बरा वाटतो. सकाळी आखडतो तोही थोडाच वेळ. तुमचं उलट आहे. तुमचे हात सकाळी सगळ्यात वाईट असतात. तासन्‌तास आखडलेले, आणि दोन्ही सारखेच. हा आमवात आहे. शरीराचे राखणदार चुकून घरच्यांनाच झोडपतात, तसा प्रकार. त्यानं सूज येते, आणि सूज राहू दिली तर ती सांधा खाते."

"बरा होईल?"

"मुळासकट जाईल असं खोटं सांगणार नाही. पण आवरता येतो, आणि चांगला आवरता येतो. उशीर केलात. ही दोन बोटं थोडी कललीत, ती काही सरळ व्हायची नाहीत. बाकीची वाचवू."

ताईंनी त्या दोन बोटांकडे पाहिलं. रडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "काय काय करायचं ते एकदम सांगा."

गोळी होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घ्यायची नाही, हे डॉक्टरबाईनं मलाही दोनदा म्हणायला लावलं. सोबत दुसरी, तिचा त्रास कमी करणारी. अधूनमधून रक्त तपासायचं. गुण यायला आठवडे लागतील, तोवर धीर सोडायचा नाही. हातांचे व्यायाम शिकवले. "आणि काम?" ताईंनी विचारलं.

"काम करा. सांधा सुजून गरम झाला असेल तेव्हा विश्रांती, एरवी हलवत राहायचं. न हलवलेला आखडतो आणि दामटलेला सुजतो, मधली वाट धरायची. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. तुम्ही कापता कधी?"

"सकाळी. उठल्या उठल्या."

"का?"

ताईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू पाणी ओलं का असतं असंच कुणी विचारलंय. "सकाळीच कापतात," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई सकाळीच कापायच्या."

"तुमच्या सासूबाईंना आमवात होता?"

"नव्हता."

"मग?" डॉक्टरबाई म्हणाली.

घरी आल्या आल्या ताई पश्चिमेच्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. तिथे मोठी खिडकी आहे, पण ती कुणी पाहिलेली नव्हती, कारण अस्तरांचं आणि दोऱ्यांच्या रिळांचं कपाट तिच्यापुढे छाती काढून उभं. "हे कपाट हलवायचं," ताई म्हणाल्या. "टेबल इथे आणायचं. मी दुपारी कापणार."

आमचे हे गल्ल्यावरून उठलेच. दुपारी गिऱ्हाईक येतं, दारातच टेबल कसं, दुपारी कापलं तर सकाळी शिवायचं काय, अशी एक ना दोन, सतरा कारणं. ताईंनी सगळी ऐकून घेतली आणि कपाटातली रिळं काढायला लागल्या. बोटांनी एकेक उचलवेना म्हणून कोपरानं सुपात ढकलत होत्या. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. "अहो, सतरा कारणं सांगताय तोवर सतरा रिळं उचलली असती," मी म्हटलं. हे मुकाट्यानं कपाटाला लागले.

कपाट हललं, खिडकीच्या काचा पुसल्या आणि दुपारचा उजेड आत आला. पिवळसर, पसरट, आमच्या दुकानात कधीच न दिसलेला. टेबल ओढताना ह्यांना एकदम हसू फुटलं. "वहिनी," हे म्हणाले, "आई सकाळी का कापायची सांगू? तेव्हा घरात एवढं एकच टेबल होतं. दुपारी आम्ही यावर जेवायला बसायचो."

ताई थक्क. "आणि ते 'सकाळचा हात खरा'?"

"ते आम्हाला लवकर उठवायला म्हणायची."

मी हसून हसून शिलाई मशीनवर डोकं टेकलं. ताईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग त्या म्हणाल्या, "एका जेवणाच्या टेबलापायी मी माझी बोटं मोडून घेतली." हसत म्हणाल्या, पण ते हसणं मला सोसवलं नाही.

त्यानंतरचे महिने काही गोडीचे नव्हते. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. गोळीच्या दिवशी त्यांना मळमळायचं. फरक म्हणून दिसेना. कुणी तेल सुचवी, कुणी काढा, कुणी म्हणे वांगं सोडा. ताई सगळ्यांना हो म्हणायच्या आणि करायचं ते डॉक्टरबाईचंच करायच्या. सकाळी कोमट पाणी, आता उघडउघड. मग टेबलावर तळवा पालथा टाकून एकेक बोट अंगठ्याच्या दिशेनं सरकवायचं. भांडं उचलायचं ते दोन्ही तळव्यांनी. पिशवी बोटांत नाही, कोपरात. बरणी मला द्यायच्या, आणि आता टोमणा न मारता द्यायच्या, तेच मला जड जाई. मोठी कात्री खुंटीला लागली आणि हलकी, स्प्रिंगनं आपोआप उघडणारी नवी कात्री आली. "खेळण्यातली आहे," ताई म्हणाल्या. तरी मुठीला फडक्याच्या पट्ट्या गुंडाळून जाड करून घेतली आणि रोज दुपारी जुन्या चादरी कापू लागल्या. नुसती वळणं. मुंढे, गळे, कॉलरी. आमच्याकडे धड चादर उरली नाही.

तोवर साधी कापणी तो पलीकडचा कटर आपल्याच दुकानात करून द्यायचा. आमच्या टेबलाला त्याचा हात लागला नाही. ह्यांनी स्वतःहून तसं ठरवलं होतं. माणूस उशिरा का होईना, शिकतो.

हळूहळू सूज ओसरली. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ताई बरणी उघडत होत्या. झाकण निघालं. आम्ही दोघी त्या झाकणाकडे बघत राहिलो. धारवाल्यालाही त्यांनी निरोप धाडून बोलावलं, चहा पाजला आणि जुनी कात्री पुढे केली. "हिला तेल तेवढं घाल," म्हणाल्या. माफी मागणं त्यांच्या कुंडलीतच नाही, पण चहात साखर दुप्पट होती.

आणि थंडी आली. करडं कापड कपाटातून निघालं.

ताईंनी ते टेबलावर पसरलं, तळव्यानं सरळ केलं, खडूनं कोट बेतला. पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, कॉलर. इतकं ताणून बसवलं की भागाभागांमध्ये पट्टीची रुंदीसुद्धा उरली नाही. नवी कात्री जाड लोकरीला चालेना. ताईंनी खुंटीवरची काढली. मी मशीन थांबवलं. ह्यांनी गल्ला बंद केला आणि कुणी आत येऊ नये म्हणून दारात उभे राहिले.

गळ्यापासून सुरुवात केली. मनगट नाही, सबंध हात खांद्यापासून हलत होता. गळा गेला, लोण्यासारखा. मग खांद्याचा उतार, मग मुंढा. गणवेशात चुकलं होतं ते वळण आलं. मी डोळे मिटून घेतले, उघडले तोवर कात्री वळण घेऊन बाहेर पडली होती. खडूची रेघ बरोब्बर दुभंगलेली. मग दुसरा मुंढा, आणि मग बाजूची लांब सरळ रेघ काखेपासून खाली निघाली.

तिथे, रेघेच्या मध्यावर, ताई थांबल्या.

कापडात कात्री होती आणि ताई थांबल्या. एवढ्या वर्षांत मी हे पाहिलेलं नव्हतं. "दुखतंय?" मी विचारलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "आता दुखेल."

त्यांनी कात्री हळूच बाहेर काढली. बोटं सैल सोडली, तळवा टेबलावर पालथा ठेवला. मग दुसऱ्या हातानं ती काळी, भरभक्कम कात्री उचलली आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरली.

"कॉलर आणि बाह्यांचे माथे राहिलेत, त्यासाठी हात राखून ठेवते. वळणं माझी. सरळ रेघा तू घे."

"ताई, मला येत नाही."

"येतं. माझ्या चुका तोंडातल्या तोंडात मोजत बसतेस ना इतकी वर्षं? मग रेघ कशी जाते ते ठाऊक आहे तुला."

मी कात्री घेतली. इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. ज्या कात्रीनं दोरा कापला म्हणून मी नवी नवरी असताना जिन्यात बसून रडले होते, ती मी दुसऱ्या कुणाच्या बापाच्या शेवटच्या कापडात घातली. पुढे सरकवली. "मनगट नको," ताई म्हणाल्या, "खांदा." मी खांदा हलवला. रेघ संपली तेव्हा माझ्या पाठीला घाम होता. ताईंनी कडेवरून तळवा फिरवला. जिथे त्या थांबल्या होत्या तिथे बारीकशी खाच होती, आणि त्या खाचेवरून त्यांनी तळवा दोनदा फिरवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "शिवणीत जाईल."

मुख्याध्यापिकाबाई कोट न्यायला आल्या तेव्हा आरशापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. बाही खांद्यावर अशी बसली होती, की ती शिवलीय असं वाटतच नव्हतं. बाहीवरून हात फिरवत त्या ताईंना म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही!"

ताई रिळावर दोरा गुंडाळत होत्या, आपल्या त्या कललेल्या दोन बोटांनी, सावकाश.

"एकटीच्या हातचा नाही हो," त्या म्हणाल्या. "दोघींच्या हातचा आहे."